बाबांच्या बोटांचे ढग

४ फेब्रुवारी

दात घासता घासता बातमी वाचली आणि फेस तसाच तोंडात राहिला. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी मे महिन्यात नवी आवृत्ती काढतेय, आणि त्या आवृत्तीत बाहेरच्या लोकांना आतली दारं बंद.

आतली दारं म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्याला अजून नीट कळलेलं नाही. निदान वहीला तरी कळू दे. फोनची काच सांगते त्यापेक्षा बरंच जास्त जाणते. बोट जवळ येऊ लागलं की टेकायच्या आधीच काचेला त्याची चाहूल लागते आणि आत एक फिकट ढग उमटतो. कंपनीचा प्रोग्रॅम त्या ढगाकडे बघून ठरवतो, हे बोट की हा कचरा. बोट असेल तर आमच्यासारख्यांच्या ॲपला निरोप येतो, 'इथे टेकलं.' ढग कुणालाही दाखवत नाहीत. फक्त कंपनीच्या आतल्या माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी एक छोटं दार ठेवलं आहे. त्याच्या नावाआधी एक आडवी रेघ असते, आणि आमच्या धंद्यात त्या रेघेचा अर्थ 'आत येऊ नये' असा होतो. मी कित्येक वर्षं त्याच दारानं ये-जा करते आहे. बरेच जण करतात. कंपनीनं आजवर डोळेझाक केली, आता करणार नाही. कारणही वाजवी आहे. ढग बघता आले तर चोराला लोकांचे पासवर्डही बघता येतील. मी कंपनीत असते तर मीही कडी लावली असती.

पण मी कंपनीत नाही, आणि माझं 'हलकं बोट' हे ॲप त्या दारावाचून अर्धा दिवससुद्धा जगणार नाही. ज्यांची बोटं काच ओळखत नाही त्यांच्यासाठी ते आहे. एक कुंभार ते वापरतो, हात भाजलेली एक नर्स वापरते, दगड घडवणारे दोघे भाऊ वापरतात. आणि सगळ्यांत पहिले बाबा.

बाबांनी जन्मभर खिडक्यांच्या काचा कापल्या. बोटांना असे घट्टे पडलेत की फोनला वाटतं, लाकूड लागलं. पहिला फोन दिला तेव्हा त्यांनी दाबून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आयुष्यभर काच कापली, आणि आता काचच ओळख देईना बघ." त्या दिवशी मी घरी येऊन ॲप लिहायला बसले.

दार बंद झालं तर बाबा पुन्हा लाकूड होतील. ते एकटे राहतात, दिवसभराच्या प्रवासावर. मला फोन कसा लावतील?

५ फेब्रुवारी

रोजच्यासारखं सकाळी बाबांनी काचेवर पंजा ठेवला. आधी डावा, मग उजवा. सुरुवातीला ॲपची जुळवणी करायला मी त्यांना हे करायला लावलं होतं. जुळवणी कधीच झाली, सवय राहिली. ते पंजा ठेवतात, तो ढग माझ्या पडद्यावर उमटतो, ॲपमधूनच ते विचारतात, "लागला का?" मी म्हणते, "लागला." झालं. पाच बोटांचे पाच ढग, मधे तळव्याचं मोठं आभाळ. मी चहा घेत बघत राहते. कधी कधी मला वाटतं मी पाण्यावर पालथी पडून खाली तरंगणाऱ्या कुणाला तरी बघते आहे. बातमीचं त्यांना सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

कंपनीकडे अर्ज केला. सवलत द्या म्हणून. लिहिताना भाषा आपोआप अशी लीन झाली की माझी मलाच लाज वाटली.

नवरा तलावावरून आला, केसांना क्लोरीनचा वास. तो मुलांना पोहायला शिकवतो. अर्ज वाचून म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात खिडकीतून शिरायचं आणि वर किल्ली मागायची?"

"मी काही चोरलंय का?"

"नाही गं. पण किल्ली मागायची तर बेल वाजवून मागावी, एवढंच." मग माझ्याच कपातला चहा पिऊन टाकला.

१६ फेब्रुवारी

बाबांच्या ढगांत लाटा दिसू लागल्या आहेत. उजव्या पंजाच्या. डावा स्वच्छ. अगदी बारीक, एका लयीत येणाऱ्या लाटा, तळ्याकाठी बसून कुणी पाण्यात पाय हलवावेत तशा. बघायला इतक्या सुंदर की मी काम विसरून बसले. मग लक्षात आलं की हा गोंगाट आहे. स्वस्तातले चार्जर असा गोंगाट करतात, आम्हाला पाठ आहे ते.

बाबांना म्हटलं, चार्जर बदला.

"चांगला चालतोय की."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय. बदला."

"बरं बाई, तुझ्या नजरेला काय म्हणायचं," म्हणाले. आवाज खोल गेल्यासारखा येत होता. माइकसुद्धा बघायला हवा.

२० फेब्रुवारी

नवा चार्जर, तरी लाटा. चार्जर काढून ठेवायला लावला, तरी लाटा. त्या जुन्या घरातलं वायरिंगच सडलं असणार. आता वायरिंग बदलायला लावलं तर बाबा मलाच बदलतील. म्हणून मग मीच एक चाळणी लिहिली. लाटा तेवढ्या गाळून टाकायच्या, खालची खरी रेघ ठेवायची. दुपारभर त्यातच गेली. संध्याकाळी ॲपमध्ये सगळ्यांसाठीच चालू केली आणि बाबांना म्हटलं, रेघ ओढा.

ओढली. सुतासारखी सरळ.

 बाबा म्हणाले, "ठमे, परत ओढू का?" पुन्हा ओढली. पुन्हा सरळ. मग हसले. पुष्कळ दिवसांनी इतकं हसले. माझ्या चाळणीचं इतकं कौतुक त्यांना वाटेल असं वाटलं नव्हतं. ते तर आज स्वतःहूनच म्हणाले, "तुझ्या ॲपनं माझी काळजी मिटवली बघ."

२५ फेब्रुवारी

बाबांना नवा नाद लागला आहे. त्यांनी बसवलेल्या खिडक्या ते आठवून आठवून काचेवर बोटानं काढतात आणि मला पाठवतात. रोज एक. डाकघराची उंच खिडकी, दवाखान्याची दुधी काच, शाळेतली, जिच्यातून मी बाहेर बघत बसायचे म्हणून मला शिक्षा व्हायची. रेघा अशा नेटक्या की फूटपट्टी लावून काढल्यासारख्या. खाली बारीक अक्षरात दोन ओळी. 'हिचं माप दोनदा चुकलं होतं.' 'हिच्यात सकाळचं ऊन तिरपं यायचं.'

त्या खिडक्या मी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावत चालले आहे. त्यांच्याकडे बघत कोड लिहिताना मला वाटतं, मी एका मोठ्या रिकाम्या घरात बसले आहे आणि चारी बाजूंनी वेगवेगळ्या वर्षांचं ऊन आत येतंय.

२ मार्च

स्वप्न पडलं. बाबा काचेच्या पलीकडे उभे, काही तरी बोलताहेत, ऐकू येत नाही. मी काचेवर कान लावते तर काच कोमट. जागी झाल्यावर बरं वाटत होतं, वाईट नाही. असं का, कळलं नाही.

बाबांचं अक्षर हल्ली फार बारीक झालंय. ओळीच्या सुरुवातीला मुगाएवढं, शेवटी खसखशीएवढं. काचेची काटकसर करायला ती काय दुकानातली आहे? मी ॲपमध्ये अक्षर मोठं करून बघायची सोय घातली. आता वाचता येतं.

७ मार्च

बाबांच्या वरच्या मजल्यावर एक शिंपीणमावशी राहतात. त्यांचा फोन आला, सहज म्हणून. म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून मी टिचबटणं लावून दिली हो."

"का?"

"ते म्हणाले, लावून द्या. मी काय विचारू? पुरुषमाणसाला असलं विचारलं की राग येतो." मग म्हणाल्या, "तू येणार आहेस का गं एवढ्यात?"

मी म्हटलं, कंपनीचं प्रकरण मिटलं की लगेच. त्या 'बरं बरं' म्हणाल्या. म्हातारपणी बाबांना फॅशन सुचली, हे नवऱ्याला सांगून मी पुष्कळ हसले. तो नाही हसला.

११ मार्च

अर्ज फेटाळला. तीन ओळींत, तेही यंत्रानं लिहिलेल्या. दिवसभर चिडचिड केली, एक पेला फोडला, मग काचा गोळा करताना बाबांसारखं बोट कापून घेतलं.

नवऱ्याशी भांडण झालं. तो म्हणाला, "जाऊन का येत नाहीस? चार दिवस राहा त्यांच्यापाशी."

"मी रोज बघते त्यांना."

"काय बघतेस? उंटावरून शेळ्या हाकतेस तू."

"तुला नाही कळणार. मी त्यांच्या हाताचा ढग बघते. त्यांची बोटं काचेला टेकायच्या आधी मला दिसतात. समोर बसलेल्या माणसालासुद्धा इतकं दिसत नाही."

 मग मला माझंच बोलणं टोचायला लागलं. इथे खरं लिहायला हरकत नाही. समोर बसले की बाबा आणि मी दुसऱ्या दिवशीपासून भांडतो. दिवा का जळतोय, दार का उघडं. आई गेल्यापासून तर बोलायचं काय तेच कळत नाही. काचेवर मात्र ते हात ठेवतात आणि विचारतात, लागला का. एवढं प्रेमानं ते मला समोर कधी काही विचारत नाहीत. दार बंद झालं तर कुंभाराचं नुकसान होईल, नर्सचं होईल, हे सगळं मी अर्जात लिहिलं. माझं काय जाईल ते नाही लिहिलं.

१९ मार्च

कंपनीतून एका बाईचा फोन. माणसाचा, खराखुरा! स्पर्शाचा सगळा विभाग ती बघते, हे दार बंद करायचा निर्णयही तिचाच. मी मनातल्या मनात तिचं नाव द्वारपालीण ठेवलं. म्हणाली, "तुमचा अर्ज यंत्रानं नाकारला, मी वाचला नव्हता. आता वाचलाय. ध्वनिमुद्रण असतं तसं, गेल्या काही महिन्यांतलं एका तरी माणसाच्या स्पर्शाचं मुद्रण आहे का? मूळ ढग वर आणि तुमच्या चाळणीतून आलेली रेघ खाली, असं शेजारी शेजारी दाखवा. व्हिडिओवर भेटू."

माझ्याकडे बाबांचं आहे. रोजच्या सकाळचं. दुसऱ्या कुणाचं इतकं नाही.

बाबांना विचारलं, तुमची बोटं कंपनीला दाखवू का. तेव्हा पहिल्यांदा दाराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "दाखव की. म्हणावं, अजून हात शाबूत आहे." तोंडावर हसू नव्हतं. व्हिडिओत हल्ली ते असेच कोरे दिसतात. मी येत नाही म्हणून रागावले असतील.

२८ मार्च

 क्रमानं लिहिते.

द्वारपालीण वेळेवर आली. पन्नाशीची, साधी, मागे एक वाळलेलं झाड. मी मुद्रण सुरू केलं आणि मला तोंडपाठ असलेलं बोलायला लागले. बघा, खालची पट्टी, रेघ किती स्वच्छ. घट्ट्यांची बोटं, जुनं वायरिंग, एवढा गोंगाट, तरी हा माणूस एक खिडकी अचूक काढतो. ती खालच्या पट्टीकडे बघतच नव्हती.

"वरची परत लावता?"

लावली.

"हा गोंगाट कसला म्हणालात?"

"चार्जरचा. म्हणजे वायरिंगचा. चार्जर काढूनही राहिला, म्हणून वायरिंग."

"चार्जर काढल्यावर फोनचा आणि भिंतीतल्या वायरीचा संबंध काय राहतो?"

मी काही तरी बोलले. काय ते आठवत नाही.

"यांचा डावा हात दाखवा."

दाखवला. स्वच्छ. पाच ढग, शांत.

"आता उजवा."

लाटा. त्याच लयीत.

ती हळू बोलली, एखाद्याला झोपेतून उठवताना बोलतात तशी. "तीच काच आहे, तेच घर आहे, तीच सकाळ आहे. मग गोंगाट एकाच हाताखाली का?"

हे मला माहीत होतं. 'उजव्या पंजाच्या. डावा स्वच्छ.' मीच लिहिलंय, याच वहीत, मागे. माहीत असून मला ते कळलं नव्हतं. पडद्यावर लाटा येत होत्या, जात होत्या, आणि मला इतके आठवडे वाटत होतं की त्या काचेत आहेत.

"कोण आहेत हे?"

"माझे बाबा."

तिनं पुन्हा एकदा लाटांकडे बघितलं. मग म्हणाली, "आमचा प्रोग्रॅमही असलं सगळं कचरा म्हणून टाकून देतो. आम्ही कधी बघतसुद्धा नाही. तुम्ही निदान जपून ठेवलंय. ते डॉक्टरांना दाखवा. अर्जाचं मी बघते, तुम्ही आधी जा."

मी तिचे आभारही मानले नाहीत. पडदा बंद केला. टिचबटणं. खसखशीएवढं अक्षर. खोल गेलेला आवाज. मी माइक बदलायला निघाले होते! नवरा तलावावर होता. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "बॅग भर. मी स्टेशनवर येतो."

३० मार्च

काल संध्याकाळी पोहोचले. बाबा त्यांच्या जुन्या दुकानावरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते, उजवा हात खिशात. मला बघून उठले, पण उठायला वेळ लागला. पाऊल उचलत नव्हते, घासत होते. चहा केला. डाव्या हातानं. कप निम्माच भरला होता, आणि का ते मला आता कळलं.

मी म्हटलं, "बाबा, उजवा हात बघू."

"कशाला?"

"बघू द्या."

काढला. मांडीवर ठेवला. तो हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट, जणू मधे एक गोळी आहे आणि ते ती वळताहेत. ती लय मला पाठ होती. ती मी रोज सकाळी चहाबरोबर बघितली होती.

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. थंडीमुळे असेल म्हटलं." मग ते जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "मधे घाबरलो होतो गं जरा. डॉक्टरकडे जायचं ठरवलंसुद्धा होतं. पण मग तुझ्या फोनवर रेघ काढून बघितली. अगदी सरळ आली. दोनदा काढली. म्हटलं, रेघ सरळ येतेय म्हणजे हात ठीकच आहे, आपल्यालाच भास होतोय. शिंपीणबाई म्हणतात डॉक्टरकडे चला, तर मी त्यांना खिडक्या दाखवतो."

मला वाटलं होतं गप्प बसावं. पण बसवलं नाही. मी सांगितलं. हळूहळू, चाळणीचं सगळं. रेघ वाकडी येत होती बाबा, ती मी सरळ करत होते. मला वाटलं तो काचेचा दोष आहे.

ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काहीच हललं नाही, पण तो चेहरा आता हलत नाही हेही मला कळून चुकलं आहे.

"म्हणजे खिडक्या तू काढल्यास?"

"नाही बाबा. खिडक्या तुमच्याच."

"सगळ्या?"

"रेघा तेवढ्या मी…"

"काच वाकडी कापली गेली, तर मी कधी गुपचूप कडा घासून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली नाही," ते म्हणाले. आवाज बारीक होता, तरी खोलीभर ऐकू आला. "सांगायचो, बाबा रे, ही बिघडली, दुसरी कापतो. तू मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"मला माहीत नव्हतं."

"रोज बघत होतीस ना?"

 ते उठून आत गेले, पावलं घासत. मी कप विसळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई म्हणायची. माझ्या काखेत रोज सकाळी बाबांचा हात होता.

२ एप्रिल

डॉक्टर. तरुण, बोलका. बाबांना गोल गोल कागदावर काढायला लावलं, चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. मी मुद्रण दाखवलं तर खुर्ची ओढून माझ्या शेजारीच येऊन बसला. कंपवात, म्हणाला. उशीर झालाय थोडा, फार नाही. गोळ्या सुरू. आणि रोज मोठ्या अक्षरात लिहायचं, पानभर, मुद्दाम मोठं, कारण हा आजार अक्षर चोरतो.

बाबांनी त्याला विचारलं, "फोनवर लिहिलं तर चालेल?"

"चालेल की."

"नको," बाबा म्हणाले. "कागदावर लिहीन."

माझ्याकडे बघितलं नाही.

१२ एप्रिल

परत आले. राहते म्हटलं तर म्हणाले, "तुझी कामं आहेत, जा." गोळ्यांचं शिंपीणमावशी बघतात.

सकाळी पडदा उघडून बसले. ढग नाही आला.

१३ एप्रिल

नाही.

१७ एप्रिल

नाही. मावशींना फोन केला. बाबा बरे आहेत, गोळ्यांनी फरक आहे, कागदावर लिहितात, फोन कपाटात ठेवला आहे. माझं नाव काढलं की विषय बदलतात.

मी समोर रिकामा पडदा ठेवून चहा घेते. रिकाम्या काचेतही काही तरी असतं, हे मला आता दिसू लागलं आहे. अगदी फिकट करडं, थोडं हलणारं, खोलीतल्या हवेचं. इतकी वर्षं मी ते गाळून टाकत होते.

२३ एप्रिल

चाळणी काढून टाकली. फक्त बाबांची नाही, सगळ्यांची. ॲपची नवी आवृत्ती सोडली आणि सोबत सगळ्यांना लिहिलं की आतापर्यंत तुमच्या रेघा मी सरळ करत होते, न विचारता. आता एकदा स्वतः रेघ ओढून बघा. वाकडी आली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. काही जण भयंकर चिडले. कुंभारानं लिहिलं, 'माझी सरळच आली, पण उगाच पोटात गोळा आणलात.' नर्सचं अजून काही आलं नाही. तिचाच मी विचार करते.

२ मे

द्वारपालिणीचा फोन. आधी बाबांचं विचारलं. मग म्हणाली, दार बंदच होणार, सवलत कुणालाच नाही. पण नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच एक सोय घातली आहे, घट्टे पडलेल्या बोटांसाठी. सेटिंगमध्ये एक खटका. तो लावला की काच लाकडालाही बोट म्हणेल. "बहुतेक वेळा," असं ती प्रामाणिकपणे म्हणाली. 'हलकं बोट'ची तशी गरज उरणार नाही.

"आणि ढग?"

"ते कुणालाच नाही दिसणार. तुम्हालाही नाही." मग म्हणाली, "वाईट वाटतंय मला."

मला तिच्याशी भांडायचं होतं. भांडण सापडेना. बाबांची बोटं ओळखली जावीत म्हणूनच तर मी अर्ज केला होता, आणि तेच मिळालं. माझं काय जाईल ते अर्जात लिहिलंच नव्हतं, तर ते ती देणार कुठून?

मावशींना खटका कुठे आहे ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगते हो. ऐकतील तेव्हा खरं."

१४ मे

नवी आवृत्ती आज आली. हवं तेव्हा घ्या, असं असतं. न घेतली तर जुनं दार आणखी काही दिवस उघडं राहील. बाबांचा फोन कपाटात म्हणजे जुनंच. वेड्यासारखी आशा धरून सकाळी पडदा उघडला. एखाद्या सकाळी हात ठेवलाच तर.

आणि ठेवला!

आधी डावा. मग उजवा. चाळणी नव्हती. लाटा होत्या, पण मंद, गोळ्यांनी निवलेल्या.  त्यांनी विचारलं नाही, लागला का. तरी मी फोनमध्ये मोठ्यानं म्हटलं, "लागला, बाबा, लागला."

 मग त्यांचा आवाज, बारीक. "दिसतोय का तुला? जसा आहे तसा?"

"दिसतोय."

"बरं. नीट बघून घे."

मी बघितलं. पाच ढग आणि मधलं आभाळ, सगळं थरथरत, जिवंत. किती वेळ ते ठाऊक नाही. मग हात उचलला गेला, करंगळी सगळ्यांत शेवटी. काचेवर ओल राहते तसा थोडासा ढग मागे राहिला आणि विरला.

दुपारी पडदा पुन्हा उघडला तर तिथे दोन ओळी. या फोनवर नवी आवृत्ती बसवली आहे, संपर्क होऊ शकत नाही.

मी लगेच मावशींना फोन लावला आणि ओरडलेच. कुणी बसवली? घाई काय होती? आधी मला विचारायचं तरी!

"मी नाही बाई हात लावला," त्या म्हणाल्या. "त्यांनीच मला विचारलं, कुठे दाबायचं. मी म्हटलं, मुलीला विचारा आधी. तर म्हणाले, तिला विचारलं तर ती नाही म्हणेल. तिथे बसून ढग दिसताहेत तोवर ती कशाला येते!"

१५ मे

हे गाडीत लिहिते आहे. नवरा सोबत आहे, झोपलाय, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. खिडकीच्या काचेबाहेर शेतं मागे सरताहेत.

सकाळी बाबांचा निरोप आला, नवा खटका लावून स्वतःच्या बोटानं लिहिलेला. मावशी म्हणतात, पाच-सहा वेळा पुसून पुन्हा लिहिला, मदत करू दिली नाही. पडदा भरून एकच अक्षर आहे, 'ये'. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं मोठं. मात्रा लांब पळालीय, दांडा कापतोय, खाली जाता जाता रेघ दोनदा डगमगून पुन्हा सावरलीय.

मी त्याला हात लावलेला नाही.